मुलाच्या कॅन्सरमध्ये किडनी थांबली, तर पैसा कुठे जातो?

ल्युकेमिया किंवा बर्किट लिम्फोमाच्या मुलाला केमो सुरू झाली की कॅन्सरच्या पेशी भराभर फुटतात. त्यांतलं पोटॅशियम आणि फॉस्फेट रक्तात उतरतं, युरिक ॲसिड वाढतं आणि किडनी बंद पडू शकते. डॉक्टर याला ट्यूमर लायसिस म्हणतात. आईवडिलांना वाटतं, आता जन्मभराचं डायलिसिस. पण ही किडनी बहुतेक मुलांत काही दिवसांत किंवा आठवड्यांत पुन्हा चालू लागते. खर्चाचा खरा भार याच दिवसांवर असतो. पण किडनी परत चालू होऊ शकते, म्हणून या टप्प्यावर मुलाला घरी नेऊ नका.

बिलात केमोचा आकडा बरेचदा लहान असतो. मोठे आकडे आयसीयू, डायलिसिस, अँटिबायोटिक आणि प्लेटलेटचे. युरिक ॲसिड आटोक्यात ठेवणाऱ्या औषधांपैकी ॲलोप्युरिनॉलची गोळी काही रुपयांना मिळते, रास्ब्युरिकेजच्या दीड मिलिग्रॅमच्या कुपीला मात्र हजारो लागतात. किलोमागे ०.२ मिलिग्रॅम धरलं तर १८ किलोच्या मुलाला एका डोसला तीन कुप्या. अनेक डॉक्टर एकच डोस देऊन युरिक ॲसिड बघतात आणि गरज असेल तरच पुढचा देतात. तुमच्या डॉक्टरांचा बेत काय आहे, ते कुप्या आणण्याआधी विचारा. रास्ब्युरिकेज दिल्यावर युरिक ॲसिडच्या तपासणीचं रक्त बर्फात ठेवून लगेच लॅबला जायला हवं, नाहीतर आकडा खोटा कमी येतो. रास्ब्युरिकेजच्या आधी जी-सिक्स-पी-डी या एन्झाइमच्या कमतरतेची तपासणीही झाली पाहिजे. ती कमतरता असलेल्या मुलाला हे औषध चालत नाही.

प्लेटलेटची सिंगल डोनर पिशवी महाग, रँडम डोनर पिशव्या खूप स्वस्त. रँडम चालतील का, हे विचारायला संकोच नको.

कागदांचं काम दाखल झाल्या दिवशीच सुरू करा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे. आधार आणि रेशन कार्ड घेऊन रुग्णालयातल्या योजनेच्या आरोग्यमित्राला गाठा आणि डायलिसिस व आयसीयू मंजुरीत बसतात का, ते स्पष्ट विचारून घ्या. धर्मादाय रुग्णालयात १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के सवलतीच्या असतात. त्यासाठी तिथल्या वैद्यकीय समाजसेवकाकडे तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला द्या. कमी पडलं तर मुख्यमंत्री सहाय्यता निधीकडे अर्ज करा. परळच्या टाटा रुग्णालयात उपचार असतील, तर राहण्यासाठी सेंट ज्यूड चाइल्डकेअर सेंटरची मोफत खोली मिळू शकते. त्यासाठी तिथल्याच समाजसेवकाला भेटा. उपचारासाठी ये-जा करताना रेल्वेत स्लीपर आणि थ्री एसीला कॅन्सरच्या रुग्णाचं भाडं माफ आहे, सोबत्याला ७५ टक्के सूट. या सवलतीच्या फॉर्मवर रुग्णालयाचा सही-शिक्का लागतो, तो डिस्चार्जच्या आधीच करून घ्या.