फोन आपल्या हातात, नजरही आपलीच



गटाच्या कार्यक्रमात आपण फोटो काढतो. कशाचा? कर्जाचा चेक घेताना, हळदीकुंकवाला, पाहुणे आले की त्यांच्या शेजारी ओळीने उभं राहून. फोन धरतो कोणीतरी दुसराच, बहुतेक वेळा घरातला मुलगा नाहीतर भाचा. कुठे उभं राहायचं, काय दाखवायचं, हे तोच ठरवतो. आपण फक्त हसतो.

या पाठात फोन आपण धरायचा आहे. चांगला फोटो कसा काढायचा ते थोडं शिकू. पण त्याहून मोठी गोष्ट आहे, ती म्हणजे आपल्याला काय दिसतं ते ओळखायला आणि चारचौघांत सांगायला शिकणं.

फोटो म्हणजे निवड

समजा, गटातल्या दहा जणी गोदावरीच्या कालव्यावर गेल्या. आवर्तन सुटलं आहे. एक जण वाहत्या पाण्याचा फोटो काढील. दुसरी फुटलेल्या चारीचा काढील. तिसरीला धुणं धुणाऱ्या बाईचे हात दिसतील, चौथीला पलीकडचं कोरडं रान. यात चुकीचं कोणाचंच नाही. जिला जे महत्त्वाचं वाटलं ते तिने निवडलं. हीच तिची नजर.

ही नजर प्रत्येकीकडे असते. पण 'तुला काय दिसतं?' असं आपल्याला कोणी फारसं विचारत नाही, म्हणून सांगायची सवय राहत नाही. फोटोच्या कार्यशाळेत हाच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात. लिहिता-वाचता येत नसलं तरी त्याचं उत्तर देता येतं.

आपल्याआधी कोणी केलं?

होमाई व्यारावाला यांचं नाव ऐकलं असेल. १९१३ साली नवसारीत जन्म, मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयात शिक्षण. वृत्तपत्रांसाठी फोटो काढणाऱ्या त्या भारतातल्या पहिल्या महिला मानल्या जातात. पण त्यांचे सुरुवातीचे फोटो छापून आले ते नवऱ्याच्या नावाने! काम बाईचं, नाव पुरुषाचं. शेतात राबणाऱ्या आपल्या मैत्रिणींना ही गोष्ट नवीन वाटणार नाही. पुढे त्यांनी स्वतःचं नाव कमावलं आणि २०११ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळालं.

अहमदाबादच्या 'सेवा' संघटनेने १९८४ मध्ये कष्टकरी बायकांना व्हिडिओ कॅमेरा शिकवला. त्यांत भाजी विकणाऱ्या होत्या, काहींना वाचता येत नव्हतं. कॅमेरा शिकायला ते आड आलं नाही.

तिसरं उदाहरण चीनमधलं. युन्नान प्रांतात १९९२ मध्ये खेड्यातल्या ६२ बायकांना साधे कॅमेरे दिले आणि सांगितलं, तुमच्या रोजच्या जगण्याचे फोटो काढा. एका फोटोत आई रानात काम करते आहे आणि तिचं तान्हं बाळ एकटंच जमिनीवर पडलं आहे. अशा फोटोंवर बायका बोलल्या, अधिकाऱ्यांनी ते पाहिले आणि पुढे बाळं सांभाळायची सोय उभी करायला हातभार लागला. रानात बाळ ठेवून खुरपणाऱ्या बायका त्या अधिकाऱ्यांनी पूर्वीही पाहिल्या असतील. फोटो समोर ठेवून बायका बोलल्या, तेव्हा तो प्रश्न ठरला.

आपल्या गटात कसं घ्यायचं?

चार बैठका पुरतात. सगळ्यांकडे फोन नसेल तर तिघी-चौघींत एक फोन ठेवा आणि वार वाटून घ्या. घरी आधी सांगा, 'गटाचा अभ्यास आहे.' एखादीला घरून फोन मिळत नसेल तर तिला वगळू नका, गटातला फोन तिला आधी द्या.

*पहिली बैठक : हाताळणी.* कॅमेऱ्याची काच पदराने पुसा. सूर्य आपल्या पाठीशी ठेवा. सकाळचं आणि संध्याकाळचं ऊन फोटोला चांगलं. लांबची वस्तू बोटांनी मोठी करू नका, चार पावलं पुढे जा. हात अंगाशी धरा म्हणजे फोटो हलत नाही. एवढं पुष्कळ झालं.

*दुसरी बैठक : माझा एक दिवस.* पहाटेपासून रात्रीपर्यंत आपल्या कामाचे दहा फोटो काढून आणा. गोठा, धार, डबा, खुरपं, उसाच्या वाढ्यांचा भारा, कांद्याची चाळ, रात्रीची भांडी. स्वतःचा चेहरा नको, काम दिसू द्या. बैठकीत हे फोटो ओळीने बघा. 'मी घरीच असते' असं म्हणणाऱ्या मैत्रिणीला तिचेच दहा फोटो मोजायला सांगा.

*तिसरी बैठक : एक विषय, तीन अंतरं.* एकच विषय घ्या, जसं पाणी. एक फोटो लांबून, म्हणजे जागा कळेल. एक मधून, म्हणजे काय चाललंय ते कळेल. एक अगदी जवळून, नळाची तोटी नाहीतर हंड्यावरचा हात. पाण्याची वाट बघणं कोपरगावला नवीन नाही, त्यामुळे रोज बघून बघून ते दिसेनासं होतं. तीन अंतरांवर उभं राहिलं की ते पुन्हा दिसू लागतं.

*चौथी बैठक : फोटोवर बोलणं.* प्रत्येकीने आपला एकच फोटो निवडायचा आणि पाच प्रश्नांची उत्तरं द्यायची :

१. फोटोत काय दिसतं?
२. तिथे खरं काय चाललं आहे?
३. आपल्या जगण्याशी त्याचा काय संबंध?
४. हे असं का आहे?
५. आपण काय करू शकतो?

समजा, फोटोत शाळेच्या गणवेशातली एक मुलगी हंडा घेऊन पाठमोरी उभी आहे. पहिल्या प्रश्नाला उत्तर येईल, 'मुलगी आणि हंडा.' दुसऱ्याला, 'नळाची वेळ आणि शाळेची वेळ एकच आहे.' तिसऱ्याला, 'माझ्याही मुलीचा पहिला तास बुडतो.' चौथ्या प्रश्नावर वाद होईल, होऊ द्या. पाचव्यावर कोणीतरी म्हणेल, 'नळाची वेळ बदलून मागू या.' एका फोटोतून मागणी तयार झाली.

ही मागणी घरात ठेवू नका. ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घेण्याची तरतूद कायद्यात आहे. तिथे फोटो न्या. फोटोच्या मागे तारीख आणि ठिकाण लिहा. आपलं म्हणणं ठरावात घ्यायला सांगा आणि इतिवृत्तात लिहिलं की नाही, ते वाचून घ्या.

हे नियम सोडू नका

ज्याचा फोटो काढायचा त्याला आधी विचारा. लहान मुलांचा असेल तर आई-वडिलांना विचारा. नाही म्हटलं तर नाहीच. ऊसतोडीला आलेल्या बायकांच्या खोपीत डोकावून फोटो काढू नका, त्यांचंही ते घरच आहे. भांडण, मारहाण, आजारपण, अंघोळीची जागा, हे फोटोचे विषय नाहीत. कोणाच्याही संमतीशिवाय फोटो व्हॉट्सॲपवर टाकू नका. एकदा गेलेला फोटो परत येत नाही. कोणी आपल्या फोटोवरून त्रास देत असेल तर घाबरून गप्प बसू नका. १८१ ही महिला हेल्पलाइन आणि १९३० ही सायबर हेल्पलाइन आहे. गटातल्या एखाद्या ताईला सोबत घेऊन फोन करा.

बैठकीत चर्चेसाठी

- आपल्या घरातल्या फोटोंत आपण काम करताना किती वेळा दिसतो?
- आपल्या गावातली कोणती गोष्ट रोज समोर असूनही कोणी बघत नाही?
- तिचा फोटो काढायचा तर तुम्ही कुठे उभ्या राहाल?

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर तोंडी नको. पुढच्या बैठकीला फोटोच घेऊन या.