उसाच्या बिलातून म्हातारपणाची तरतूद



कारखान्याचा कामगार निवृत्त होतो तेव्हा भविष्य निर्वाह निधीची रक्कम त्याच्या हाती पडते. ही रक्कम त्याने काही घरी डब्यात साठवलेली नसते. दरमहा पगार हातात पडायच्या आधीच १२ टक्के कापून जातात आणि तेवढाच वाटा मालक म्हणून कारखाना भरतो. ऊस पिकवणाऱ्या सभासदाला मात्र निवृत्तीची तारीखच नाही. कंबर धरली, रात्रीचं पाणी पाजायला जाणं होईना, की झाला तो निवृत्त! त्या दिवशी त्याच्याजवळ असतं काय? बहुतेक घरांतून सातबारा, सोसायटीचे कर्ज आणि मुलांचा शब्द, एवढेच.

उसाच्या पैशाची चालच वेगळी. जुलै-ऑगस्टात आडसाली लागण केली तर तोड यायला १६ ते १८ महिने जातात. बिल निघाले की आधी सोसायटी वसूल होते, मग खताच्या दुकानाची उधारी, मग एखादे लग्नकार्य, आणि त्यातून काही राहिलेच तर विहिरीवरची मोटार जळलेली असते. ‘पुढच्या हंगामापासून शिल्लक टाकू’ असे आपण दर हंगामाला म्हणतो. म्हणून आमचे मत असे की, म्हातारपणाचा पैसा उरण्याची वाट पाहू नये. सोसायटीच्या हप्त्याप्रमाणे तो बिलातून आधी बाजूला काढावा.

किती काढावा? टनाला १०० रुपये धरू. दोन एकरांत ८० टन ऊस गेला तर वर्षाचे ८,००० रुपये होतात. ते पोस्टात किंवा बँकेत सार्वजनिक भविष्य निर्वाह निधीच्या, म्हणजे पीपीएफच्या खात्यात टाकता येतात. हे खाते १५ वर्षांचे असते व पुढे पाच-पाच वर्षांनी वाढवता येते. व्याजाचा दर सरकार ठरवते. एप्रिल २०२० मध्ये तो ७.१ टक्के झाला. तोच धरून आम्ही हिशेब मांडला. पंचेचाळिसाव्या वर्षी सुरुवात करणाऱ्याचे १५ वर्षांत १,२०,००० रुपये भरून होतात आणि साठीला सुमारे २,१७,००० रुपये मिळतात. पस्तिशीत सुरुवात करणारा २५ वर्षांत २,००,००० रुपये भरतो, पण त्याचे सुमारे ५,५०,००० होतात. म्हणजे ८०,००० रुपये जास्त भरले आणि सव्वातीन लाखांवर जास्त मिळाले. फरक केवळ दहा वर्षे आधी लागण केल्याचा! पैसे एप्रिलच्या ५ तारखेच्या आत भरावेत, म्हणजे त्या महिन्याचेही व्याज पदरात पडते. आणखी एक सोय अशी की, सावकाराच्या वा सोसायटीच्या कर्जापोटी कोर्टाच्या हुकमाने या खात्यावर जप्ती येत नाही.

ज्यांची जमीन दोन हेक्टरांच्या आत आहे त्यांच्यासाठी केंद्र सरकारने सप्टेंबर २०१९ मध्ये किसान मानधन योजना सुरू केली. वय १८ ते ४० असले पाहिजे. अठराव्या वर्षी आला त्याला महिना ५५ रुपये, २९ व्या वर्षी १००, चाळिसाव्या वर्षी २००, आणि तेवढीच भर सरकार घालते. साठीनंतर महिना ३,००० रुपये. घरधनीण स्वतंत्रपणेही सामील होऊ शकते. पण चाळिशी उलटली की दार बंद. तेव्हा हे वाचून झाल्यावर पेपर थोरल्या पोराच्या हातात द्यावा. मात्र या ३,००० वर सगळी भिस्त ठेवू नये. भाववाढ वर्षाला ६ टक्के धरली, तर २० वर्षांनी त्या रकमेत आजच्या साधारण ९३५ रुपयांचाच बाजार येईल.

आता जमिनीविषयी. ‘आज ना उद्या पोरांचंच आहे’ म्हणून हयातीतच सगळा सातबारा मुलांच्या नावे करण्याची घाई कित्येक जण करतात. मुलं वाईट असतात असे आम्ही म्हणत नाही; पण औषधाच्या गोळ्यांसाठी सुनेपुढे हात पसरण्याची पाळी आली की चांगल्या घरातही बोलणी होतात. वाटणी जरूर करावी, पण नवरा-बायकोला पुरेल इतके रान आणि उसाचे बिल जमा होणारे खाते आपल्याकडे ठेवावे. बक्षीसपत्र करायचेच असेल तर आमचा सांभाळ करण्याच्या अटीवर देत आहोत, हे त्यात स्पष्ट लिहून घ्यावे. २००७ च्या ज्येष्ठ नागरिकांच्या कायद्यातील कलम २३ प्रमाणे, अशी अट मोडल्यास साठीपुढच्या माणसाला ते पत्र रद्द करून मागता येते. त्यासाठी प्रांतांकडील न्यायाधिकरणात अर्ज करावा लागतो. अट तोंडी असली की सिद्ध करताना नाकी नऊ येतात.

आणि कारखान्याच्या भागावर (शेअरवर) वारस म्हणून कोणाचे नाव लावले आहे, ते एकदा बघून घ्या. कित्येकांनी ते सभासद झाले त्या साली लिहिले, ते तसेच आहे. वडिलांचे नाव असेल आणि वडील वारले असतील, तर नवा अर्ज भरून कारभारणीचे नाव लावावे.