तीनचाकी गाडी घरी उचलताना : जॅक कोणता, टेकू कोणता?



या पानावर आम्ही नेहमी लागण, खोडवा, खत आणि पाणी यांविषयी लिहितो. या वेळी विषय वेगळा घेतला आहे, पण तोही शेताच्या बांधावरचाच आहे. आता बऱ्याच सभासदांच्या दारात तीनचाकी मालगाडी उभी असते. बेणे न्यायचे, खताची पोती आणायची, दुधाच्या किटल्या संकलन केंद्रावर पोचवायच्या, जनावरांना वाढे आणायचे, सगळे तिच्यावर. हंगाम संपला की तिची डागडुजी निघते. चाक काढायचे, ब्रेक पाहायचे, ग्रीस भरायचे, तेल बदलायचे. तालुक्याच्या गॅरेजला गेले की दिवस मोडतो, म्हणून ही कामे घरीच होतात. त्यात गैर काही नाही. पण गाडी उचलायची कशी आणि उचललेली धरायची कशी, इकडे फारसे कोणी लक्ष देत नाही.

गटात फिरताना आम्ही पाहतो, की गाडी जॅकवर चढवली, खाली दोन विटा सरकवल्या आणि माणूस आत शिरला. कोणी हटकले तर उत्तर ठरलेले, "साहेब, दहा वर्षं असंच करतोय, काय झालं नाही." झाले नाही ही देवाची कृपा. पण एकदा झाले तर दुसऱ्यांदा करायला माणूस राहात नाही. म्हणून या लेखात सांगण्याची गोष्ट एकच आहे: जॅक हा उचलण्यासाठी असतो, धरण्यासाठी टेकूच लागतो.

जॅक काम कसे करतो

बाटलीच्या आकाराचा तेलाचा जॅक बहुतेकांनी पाहिला आहे. त्यात एक लहान दट्ट्या आणि एक मोठा दट्ट्या असतो. बंद तेलावर एके ठिकाणी दाब दिला की तो सगळीकडे सारखा पोचतो, हा नियम पास्कल या फ्रेंच शास्त्रज्ञाने सतराव्या शतकात मांडला. त्याच नियमावर इंग्लंडमध्ये ब्रामा यांनी १७९५ साली दाबयंत्राचे एकस्व घेतले. आपल्या साखर कारखान्यांत उसाच्या मिलच्या वरच्या रोलरवर जो भार दिला जातो, तोही तेलाच्या दाबानेच. मिलचा आणि जॅकचा बाप एकच.

एक सोपे गणित घेऊ. लहान दट्ट्याचा व्यास १ सें.मी. आणि मोठ्याचा ३ सें.मी. असेल, तर क्षेत्रफळ ९ पट होते. दांड्याच्या लांबीमुळे आणखी २० पट जोर मिळाला, तर एकूण १८० पट. म्हणजे हाताने १० किलोचा जोर दिला, तर घर्षण सोडून १८०० किलो उचलण्याची ताकद तयार होते. शाळकरी पोरगासुद्धा गाडी उचलतो, तो यामुळे.

आता याची दुसरी बाजू पाहा. वर गेलेली गाडी केवळ कोंडलेल्या तेलावर उभी असते. ते तेल अडवते कोण? एक रबरी सील आणि एक लहानशी झडप. सील झिजले, झडपेत कचरा अडकला, की तेल मागे येते. कधी गाडी हळूहळू बसते, कधी एका दमात बसते. बाहेरून पाहून ते कळत नाही.

तीन चाकांची खोड

चारचाकी आणि तीनचाकी यांत फक्त एका चाकाचा फरक आहे असे समजू नये. तीनचाकीचा पाया त्रिकोणी असतो. मागे रुंद, पुढे निमुळता. वजन या त्रिकोणाच्या आत आहे तोवर गाडी उभी. बाहेर गेले की ती कलंडली. यातून चार गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

१. मागचे एक चाक उचलले आणि गाडी गिअरमध्ये आहे म्हणून निर्धास्त राहिले, तर फसगत होते. मागच्या दोन चाकांच्या मध्ये डिफरन्शियल असते. एक चाक हवेत मोकळे झाले, की जमिनीवरचे दुसरे चाक गिअर असूनही फिरू शकते. म्हणून हँडब्रेक ओढलेला पाहिजे आणि जमिनीवरच्या चाकांना पाचर लावलेली पाहिजे.

२. मागची दोन्ही चाके उचलली, तर हँडब्रेकचाही उपयोग नाही, कारण तो सहसा मागच्या चाकांवरच चालतो. मग गाडी फक्त पुढच्या एका चाकाच्या भरवशावर असते. त्या चाकाला पुढून आणि मागून, दोन्हीकडून पाचर हवी.

३. पुढचे चाक उचलले की हँडल वळते आणि वजन हलते. हँडल सरळ ठेवून दोरीने बांधावे.

४. ज्या गाडीचे इंजिन मागे आहे तिचे वजनही मागेच जास्त असते. टेकू फार पुढे लावले, तर मागचा भाग खाली बसतो आणि पुढचे चाक वर उचलले जाते. इंजिन उतरवले की हा तोल पुन्हा बदलतो. म्हणून टेकू मागच्या चाकांच्या शक्य तितके जवळ आणि एकमेकांपासून शक्य तितके लांब असावेत.

काही जण चार माणसे बोलावून गाडी सरळ कुशीवर आडवी करतात. असे करू नये. टाकीतले इंधन सांडते, बॅटरीचे ॲसिड गळते, आणि एकाचा हात सुटला की गाडी उरलेल्यांच्या अंगावर येते.

बाजारात काय मिळते आणि काय घ्यावे

कैची जॅक: आट्यांवर चालतो, हलका आणि स्वस्त असतो. आटे असल्याने तो आपोआप बसत नाही, हा गुण. पण पाया अरुंद असल्याने बाजूचा धक्का लागला की कलतो. रस्त्यात चाक बदलण्यापुरता ठीक.

बाटली जॅक: ताकद भरपूर, किंमत बेताची. मात्र तो उभाच चालवायचा असतो. शिवाय त्याची बंद असतानाची उंची बरीच असते. पंक्चर झालेली गाडी आधीच खाली बसलेली असते आणि मग जॅक खाली जातच नाही. घेण्याआधी पंक्चर चाकावर गाडी किती खाली येते ते टेपने मोजून दुकानात जावे.

चाकांचा ट्रॉली जॅक: लांबट, खाली बुटका, पाया रुंद. कोब्यावर किंवा सपाट फरशीवर काम असेल तर सर्वांत सोयीचा. पण त्याला चाके असल्याने मातीच्या अंगणात तो रुततो. किंमतही बाटली जॅकपेक्षा जास्त.

मोटारसायकलचा उचल-पाट: गॅरेजमध्ये दुचाकी ज्यावर चढवतात तो. एका रांगेतल्या दोन चाकांसाठी तो केलेला असतो. तीनचाकीची मागची चाके त्यावर मावत नाहीत. स्वस्तात मिळतो म्हणून घेऊ नये.

कोणी विचारतात, घराच्या मागे खड्डाच का घेऊ नये? खड्डा दोन चाकांच्या मध्ये असतो, आणि तीनचाकीचे पुढचे चाक नेमके मध्येच येते. शिवाय पेट्रोलची वाफ आणि एलपीजी वायू हवेपेक्षा जड असल्याने खड्ड्यात साचून राहतात. तिथे एक ठिणगी पुरे. झाडाच्या फांदीला किंवा गोठ्याच्या तुळईला चेन कप्पी बांधून गाडी टांगणेही तसेच. फांदीवर भार किती पेलेल हे कुठे कोरलेले नसते.

आता ताकदीचा हिशेब. समजा रिकामी गाडी ४५० किलोची आहे आणि तिन्ही चाकांवर वजन साधारण सारखे आहे. म्हणजे एका चाकावर १५० किलो. मागची बाजू पूर्ण उचलली तरी ३०० किलोच्या आसपास. मग २ टनांचा जॅक उत्तम चालतो. १० टनांचा घेतला म्हणून गाडी जास्त सुरक्षित होत नाही. उलट तो उंच असल्याने खाली जात नाही आणि पैसेही जातात. म्हणून आमचे सांगणे असे, की जॅकवर वाचलेले पैसे टेकूंवर घाला. जॅक एकच, पण टेकू दोन, हा नेम ठेवा.

टेकू कसा असावा

लोखंडी स्टँड घेताना त्यावर भार कोरलेला आहे का ते पाहावे, आणि तो आकडा एका स्टँडचा की जोडीचा हे दुकानदाराला विचारून घ्यावे. पाय चांगले फाकलेले असावेत. उंची बदलण्यासाठी खिटी असेल तर ती मूळचीच हवी. तिच्या जागी खिळा किंवा सळईचा तुकडा चालत नाही. भंगारातल्या नळीचा जोड मारून केलेला स्टँड घेऊ नये. वेल्डिंग वरून छान दिसते, आत ते किती शिरले आहे हे कळत नाही.

स्टँड घेणे जमत नसेल, तर बाभळीच्या किंवा सागाच्या ठोकळ्यांची चौकट करावी. चार इंच जाडीचे, दीड फूट लांबीचे सारखे ठोकळे घ्यावेत. खाली दोन उभे, त्यावर दोन आडवे, पुन्हा दोन उभे, असे रचत जावे. चौकटीची उंची ठोकळ्याच्या लांबीपेक्षा जास्त करू नये. लाकूड किडलेले, चिरलेले नको. लाकूड मोडण्याआधी दबते, कुरकुरते, थोडी सूचना देते. वीट आणि सिमेंटचा पोकळ ठोकळा मात्र सूचना न देता फुटतो. दगड गुळगुळीत असेल तर निसटतो. म्हणून विटांचा टेकू कायमचा बंद करावा.

काळ्या जमिनीची गोष्ट

आपल्याकडची काळी माती वाळली तर दगड, भिजली तर लोणी. जॅकचा तळ ४ इंच बाय ४ इंच, म्हणजे १६ चौरस इंच असेल, तर १५० किलोला दर चौरस इंचावर सुमारे साडेनऊ किलो भार येतो. तोच जॅक एक फूट बाय एक फूट जाड फळीवर ठेवला, तर भार एक किलोच्या जरा वर राहतो. फळी दोन इंच जाडीची असावी. टेकूंखालीही अशीच फळी द्यावी. अंगण पाण्याने ओले असेल, उताराचे असेल, तर त्या दिवशी काम करू नये.

काम करण्याचा क्रम

१. गाडी रिकामी करावी. माल भरलेली गाडी उचलू नये.
२. सपाट, कोरड्या जागी उभी करून इंजिन बंद, किल्ली काढून खिशात.
३. हँडब्रेक ओढावा. जमिनीवर राहणाऱ्या चाकांना पाचरी लावाव्यात.
४. चाक काढायचे असेल तर नट जमिनीवर असतानाच थोडे सैल करावेत. गाडी वर असताना पान्ह्याला हिसका देऊ नये.
५. जॅक गाडीच्या पुस्तिकेत दाखवलेल्या जागी किंवा चेसिसच्या मजबूत भागाखाली लावावा. पत्र्याखाली, इंजिनच्या तळाखाली लावू नये. विजेवरच्या तीनचाकीत बॅटरीच्या पेटीखाली तर मुळीच नाही.
६. लागेल तेवढेच उचलावे. टेकू लावून जॅक सोडावा आणि गाडी टेकूंवर नीट बसू द्यावी.
७. बाहेरूनच गाडी हाताने हलवून पाहावी. डगमगली तर पुन्हा खाली घ्यावी.
८. काढलेले चाक गाडीखाली आडवे सरकवून ठेवावे. सगळे चुकले तरी तेवढी फट राहते.
९. खाली काम चालू असताना गाडीत कोणी बसू नये, पोरांना जवळ येऊ देऊ नये. हाकेच्या अंतरावर एक जाणते माणूस हवेच.

ट्रॅक्टरवाल्या सभासदांसाठी

हाच नियम ट्रॅक्टरच्या हायड्रॉलिकलाही लागू आहे. रोटाव्हेटर उचलायचा आणि त्याखाली बसून पाती बदलायची, हे आम्ही फार पाहतो. तो रोटाव्हेटरही कोंडलेल्या तेलावरच लटकलेला असतो. पोराचा हात लिव्हरला लागला, तरी तो खाली येतो. खाली जाड ठोकळे देऊन रोटाव्हेटर त्यावर टेकवावा, इंजिन बंद करावे, मगच पान्हा हातात घ्यावा. डंपिंग ट्रॉलीचा हौदा वर असतानाही आधाराचा दांडा लावल्याशिवाय खाली जाऊ नये.

उसाच्या ट्रॉलीचे चाक रस्त्यात बसले, तर ट्रॉली ट्रॅक्टरला जोडलेलीच ठेवावी आणि जॅक ॲक्सलखाली चाकाजवळ लावावा. तिथे २ टनांचा जॅक चालणार नाही. एका चाकावर ३ टन वजन असेल, तर १६ चौरस इंचाच्या तळावर दर चौरस इंचाला १९० किलोच्या जवळ भार येतो. तो साइडपट्टीच्या मातीत सरळ घुसतो. दीड फूट बाय दीड फूट जाड फळी ट्रॉलीबरोबर कायम ठेवावी आणि शक्य तेवढा ऊस आधी उतरवावा.

खर्चाचे काय?

भाव गावागणिक बदलतात, म्हणून आकडा देत नाही. दोन-तीन दुकानांत विचारून घ्यावे. पण एक सुचवतो. जॅक आणि टेकू रोज लागत नाहीत. शेजारच्या चार-पाच सभासदांनी मिळून एक चांगला जॅक, दोन स्टँड, चार पाचरी आणि तीन फळ्या घेतल्या, तर एकेकाचा वाटा फार येत नाही. ज्या सहकाराने कारखाना उभा केला, त्याला एक जॅक जड नाही. मात्र तो एकाच्याच जबाबदारीत ठेवावा. दर हंगामाआधी गाडी त्यावर उचलून, खाली कोणीही नसताना, उंची मोजावी आणि अर्ध्या तासाने पुन्हा मोजावी. गाडी बसलेली दिसली तर सील बदलून घ्यावे. तोवर तो जॅक कोणालाही देऊ नये.

गाडी बिघडली तर दुरुस्त होते, ऊस एक दिवस उशिरा गेला तरी जातो. घरचा कर्ता माणूस मात्र सुटा भाग म्हणून बाजारात मिळत नाही. तेव्हा उद्या जॅक हातात घेण्याआधी टेकू कुठे आहेत ते पाहावे, आणि नसतील तर गाडी जमिनीवरच राहू द्यावी, ही सर्व सभासदांना विनंती.

— ऊस विकास अधिकारी, शेतकी विभाग