कागद सुईचा, पैसे गुडघ्याचे

सोनाळ्यात माझं औषधाचं दुकान आहे. गावात कसलंही शिबिर झालं की त्याचे कागद दुसऱ्या दिवशी माझ्या काउंटरवर येतात. गुडघ्यांच्या शिबिराची फाइल काका घेऊन आले. कमरेच्या हाडातून मज्जा काढायची, मशीनमध्ये फिरवायची अन् गुडघ्यात टोचायची. निम्मे पैसे आगाऊ, तेही कापसाच्या पैशातून भरून झालेले.

"मशीन एफडीए पास हाय म्हणते थो. सर्टिफिकेटच देल्लं त्यानं."

सर्टिफिकेट जाड कागदावर, सोनेरी शिक्क्याचं. अमेरिकेच्या एफडीएकडे कारखान्याची नोंद झाल्याचं एका खासगी एजन्सीने छापून दिलेलं. एफडीए स्वतः असं सर्टिफिकेट देत नाही, आणि नोंद झाली म्हणजे उपकरण मंजूर झालं असंही होत नाही. आपल्याकडे गोंधळात भर अशी, की महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनालाही सगळे एफडीएच म्हणतात. काकांना वाटलं, मुंबईच्या साहेबांनी मशीन तपासली.

खरी मंजुरी असती तरी ती कशाची, हे बघावं लागतं. अमेरिकेत अशी उपकरणं सहसा ५१०(के) या वाटेने येतात. बाजारात आधीच असलेल्या उपकरणाच्या तोडीचं आपलं उपकरण आहे, एवढं कंपनीने दाखवायचं. मंजुरी मिळते ती लिहून दिलेल्या वापरापुरती. 'मज्जा काढण्यासाठी' लिहिलं असेल तर सुई मज्जा काढायला चालते, इतकाच त्याचा अर्थ. ती मज्जा गुडघ्यात घातल्यावर झिजलेली कूर्चा भरते का, हा प्रश्न त्या फाइलीत कुणी विचारलेलाच नसतो. आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्ताच्या ठरावीक आजारांतलं प्रत्यारोपण सोडलं तर मज्जेतल्या मूलपेशींचा वापर संशोधनात मोडतो, आणि संशोधनासाठी रुग्णाकडून पैसे घ्यायचे नसतात. एखाद्या उत्पादनाला परवानगी मिळते तेव्हा ती औषध म्हणून वेगळ्या चाचण्या देऊन.

अमेरिकेचा कागद इथे परवाना म्हणून चालतही नाही. आपले वैद्यकीय उपकरण नियम २०१७ चे. धोक्याप्रमाणे ए ते डी असे वर्ग. किरकोळ वस्तू सोडल्या तर ए-बी वर्गाला १ ऑक्टोबर २०२२ पासून आणि सी-डीला १ ऑक्टोबर २०२३ पासून परवाना सक्तीचा. बाहेरून आलेल्या मालाला केंद्राच्या सीडीएससीओचा एमडी-१५ परवाना हवा.

म्हणून काकांना म्हटलं, मज्जा काढायच्या किटच्या पाकिटाचा फोटो मागवा. आला. लॉट नंबर होता, मुदत होती, एकदाच वापरायची खूणही होती. आयातदाराचं नाव-पत्ता आणि आयात परवान्याचा नंबर मात्र कुठेच नव्हता. तो मागितल्यावर फोनवरच्या शिबिरवाल्याचा आवाज चढला. आगाऊ रकमेतले थोडे पैसे 'फाइल चार्ज' म्हणून कापून बाकीचे परत आले, तेही बऱ्याच तगाद्यानंतर.

तेव्हा पैसे भरायच्या आधी परवान्याची प्रत मागा आणि त्यातला वापर वाचा. नंतर पक्कं बिल घ्या, पाकिटावरचं लॉटचं स्टिकर केसपेपरवर चिकटवून घ्या. सुई तुटली, जखम चिघळली, तर १८००-१८०-३०२४ या मोफत नंबरवर कळवता येतं. स्टिकर जवळ असेल तर माग काढणं सोपं जातं.

हे सगळं सांगताना एक भीती वाटते. आमच्याकडे सातपुड्याच्या पायथ्याच्या वस्त्यांवर लोक आधीच हाडात सुई म्हटलं की पळतात. ब्लड कॅन्सरच्या निदानासाठी किंवा रक्त का बनत नाही हे बघायला डॉक्टर मज्जेची तपासणी सांगतात, ती जुनी, नेहमीची तपासणी आहे. जागा बधिर करून करतात. मज्जा प्रत्यारोपण तर टाटा रुग्णालयात १९८३ पासून होतंय. थॅलेसेमियाच्या मुलांना त्यासाठी कोल इंडियाच्या योजनेतून १० लाखांपर्यंत मदत मिळते. अशा तपासणीची किंवा उपचाराची डॉक्टरची चिठ्ठी हातात असेल तर माझ्या काउंटरवर थांबू नका, सरळ मोठ्या सरकारी दवाखान्याची गाडी धरा.