रविवारची तेरीज

सोमवारी सकाळी आठला अकौंटन्सीचा तास ठेवणाऱ्यांना विद्यार्थ्यांची सहनशक्तीच पाहावयाची असावी. बी.कॉम.च्या पहिल्या वर्षी त्या तासाला मी शेवटच्या बाकावर बसून डोळे उघडे ठेवण्याची कसरत करीत असे. अशाच एका सोमवारी चाचणी झाली. उदाहरण सोपे होते, पण माझी तेरीज काही केल्या जुळेना. फरक ४,५०० रुपयांचा. तो शोधता शोधता घंटा झाली. घरी येऊन पाहतो तो खतावणीत ७,२०० च्या जागी २,७०० लिहिलेले! फरकाला नऊने पूर्ण भाग गेला तर आकड्यांची अदलाबदल झाली आहे का ते आधी पाहावे, हे बाबांनी मला दुकानाच्या गल्ल्यावर बसवून केव्हाच शिकवले होते. साडेचार हजारांना नऊने भाग जातो हे कुणीही सांगेल. त्या सकाळी मला ते सुचले नाही.

वीसपैकी सहा गुण मिळाले. मराठी शाळेतून आलेल्या मुलाला इंग्रजीतले ‘ट्रायल बॅलन्स’ झेपत नाही, असा अर्थ वर्गाने काढला. खरे सांगायचे तर काही दिवस मीही तोच काढला आणि कॉमर्स सोडून द्यावे काय, इथपर्यंत विचार गेला. पण शुक्रवारच्या तासाला तीच उदाहरणे मला बिनचूक येत. भाषा तर शुक्रवारीही इंग्रजीच होती. मग बिघडते कुठे?

हिशेब मांडून पाहिला. इतर दिवशी मी रात्री अकराला झोपून सहाला उठे. म्हणजे झोपेचा मध्य अडीच वाजता. शनिवारी मोबाईलवर सिनेमा पाहून दोनला झोपे आणि रविवारी दहाला उठे. मध्य सकाळी सहा. अंतर साडेतीन तासांचे. जोहान्सबर्गचे घड्याळ आपल्या साडेतीन तास मागे चालते. म्हणजे दर शनिवारी रात्री मी विमानावाचून दक्षिण आफ्रिकेला जाई आणि सोमवारी सकाळी आठला बेळगावात हजर होई! जर्मनीतील रोएनेबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ साली या प्रकाराला ‘सोशल जेट लॅग’ असे नाव दिले. आपल्या पेशींमध्ये एक घड्याळ असते. त्याची यंत्रणा उलगडून दाखवणाऱ्या हॉल, रॉसबॅश आणि यंग या तिघांना २०१७ चे नोबेल पारितोषिक मिळाले. बहुतेक माणसांत हे घड्याळ चोवीस तासांहून किंचित लांब चालते. त्यामुळे झोप पुढे ढकलणे सोपे जाते, पण मागे ओढून आणणे जड जाते. सकाळचा उजेड त्याला रोज जागेवर आणतो, आणि नेमका तोच उजेड मी रविवारी पांघरुणाखाली घालवीत होतो.

तेव्हापासून रविवारी सातच्या पुढे झोपायचे नाही असे ठरवले. पहिले दोन रविवार फार जड गेले. मग शेजारचा वर्गमित्र सोबतीला आला. तो कन्नड शाळेत शिकलेला. आम्ही व्हॅक्सिन डेपोच्या झाडांखाली तासभर फिरतो. मी ‘नावे-जमा’ म्हणतो, तो ‘जमे’ म्हणतो, आणि दोघेही क्रेडिट कोणत्या बाजूला यावर भांडतो. कन्नड पुस्तकात रविवारला ‘भानुवार’ म्हणतात. सोमवार मात्र दोन्ही भाषांत सोमवारच, त्यातून सुटका नाही.

अभ्यास मी रविवारी रात्रीवरून शनिवारी संध्याकाळवर आणला. एबिंगहाऊस याने १८८५ मध्ये स्वतःवरच प्रयोग करून दाखवले की, पाठ केलेले आपण सुरुवातीला झपाट्याने विसरतो आणि पुढे हळूहळू. तेव्हा आठवड्याच्या वह्या उघडायच्या त्या लवकर. अर्धा-पाऊण तास पुरतो. पुस्तक मिटून, त्या आठवड्यात काय शिकलो ते कोऱ्या कागदावर लिहायचे आणि अडले तेवढेच पुन्हा पाहायचे. ही माझी तेरीज. आठवड्याची चूक आठवड्यात सापडते. वर्षअखेरीस शोधायला गेले तर सगळी किर्द चाळावी लागते.

रविवारच्या मटणानंतरची झोप ही आमच्या घरातली मोठी अडचण. तीन तास झोपले की रात्री बारापर्यंत डोळा लागत नाही. आता अर्ध्या तासाने आई हाक मारते. पाचनंतरचा चहाही सोडला, कारण चहातले कॅफीन अंगात निम्मे उरायलाच साधारण पाच तास लागतात. कपड्यांना इस्त्री, सायकलीत हवा, बसचा पास ही कामे दिवेलागणीपूर्वी उरकतो. यात सांगण्यासारखे विशेष काही नाही.

कुणी म्हणेल, मग सुटी उरली कुठे? सुटीचे मोल मला कळते. मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुटी १८९० साली मिळाली, ती नारायण मेघाजी लोखंडे यांच्या कित्येक वर्षांच्या झगड्यानंतर. माझ्या आजोळी तर सोमवारी बैलाच्या मानेवरही जू ठेवत नाहीत. म्हणून दुपारी चार ते सात मी कुणाचाच नसतो. क्रिकेट, नाहीतर नुसत्या गप्पा.

फक्त बाबांना सुटी नाही. लोकांची सुटी म्हणजे आमच्या किराणा दुकानाची गर्दी. पूर्वी रविवारी रात्री उधारीची वही घेऊन ते एकटेच जागत बसत. आता जेवणानंतर मी शेजारी बसतो. गेल्या रविवारी २७ रुपयांचा फरक येत होता.

“बाबा, तुम्ही राहू द्या, नऊने भाग जातोय,” मी म्हणालो.

“मग शोध की!” ते म्हणाले.

तिसऱ्याच पानावर ६३ च्या जागी ३६ सापडले. अक्षर बाबांचे होते. ते काही बोलले नाहीत, चष्मा काढून डोळे चोळले. साडेदहाला आम्ही दोघांनी दिवा मालवला.