डिशवॉशर अडला? आधी फुकटचे उपाय, मग हजारांचे

डिशवॉशर बंद पडला की घरातून पहिला फोन सर्व्हिस सेंटरला जातो आणि तिथूनच खर्च सुरू होतो. वॉरंटी संपली असेल तर टेक्निशियन नुसता बघायला आला तरी साधारण पाचशे ते आठशे रुपये व्हिजिट चार्ज आणि त्यावर १८ टक्के जीएसटी पडतो. त्यानं फिल्टर धुऊन दिला किंवा बंद राहिलेला नळ उघडून दिला, तरी पैसे तेवढेच. नेहमीच्या बऱ्याच तक्रारींचं मूळ पाणी, खरकटं आणि मीठ या तिघांत असतं आणि ते घरच्या घरी सापडतं. म्हणून तपासणी फुकटच्या गोष्टींपासून सुरू करावी, मग काही शे रुपयांच्या उपायांकडे वळावं आणि हजारांचा विषय शेवटी काढावा. खालचे दर मोठ्या शहरांतले, अंदाजे आहेत. कंपनी आणि मॉडेलप्रमाणे ते कमी-जास्त होतील.

खर्च शून्य: आधी हे तपासा

कुठंही हात घालण्यापूर्वी बटण बंद करून प्लग काढा.

*तळाशी पाणी साचतं.* बॉश यंत्रावर अशा वेळी ‘ई २४’ किंवा ‘ई २५’, तर एलजीवर ‘ओई’ असा संकेत दिसतो. खालचा रॅक बाहेर काढा, तळाचा फिल्टर फिरवून उचला आणि जुन्या ब्रशनं वाहत्या नळाखाली धुवा. भाताची शितं, डाळीचा साका आणि तूप मिळून जाळीवर चिकट थर बसतो. फिल्टरखालच्या खळग्यातलं पाणी स्पंजनं टिपून घ्या. तिथंच ड्रेन पंपाचं छोटं झाकण असतं. माहितीपुस्तिकेत दाखवल्याप्रमाणे ते काढा. आतल्या पंख्यात लिंबाची बी, टूथपिक किंवा काचेचा तुकडा अडकलेला असू शकतो, म्हणून हातमोजे घाला. अडकलेलं काढल्यावर पंखा बोटानं ढकलून पाहा आणि झाकण पुन्हा नीट बसवा. मागचा ड्रेन पाइप कुठं दुमडला आहे का, तेही बघा. सिंकचं पाणीही सावकाश उतरत असेल, तर तुंबलंय ते सिंकखाली, आणि तिथं प्लंबर लागेल.

*पाणी आतच येत नाही.* एलजीवर यासाठी ‘आयई’ दिसतं. नळ पूर्ण उघडा आहे का, टाकीत पाणी आहे का, एवढं पाहून इनलेट पाइप सोडवा. त्याच्या तोंडाशी बारीक जाळी असते. टँकरच्या किंवा बोअरच्या पाण्यातला गाळ तिथं बसतो. जाळी पकडीनं अलगद काढून धुवा.

सगळ्यात वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांचा प्रश्न वेगळा असतो. अनेक यंत्रांना किमान ०.५ बार दाब लागतो. पाण्याची १० मीटर उंची म्हणजे साधारण १ बार, म्हणून ०.५ बारसाठी टाकीतलं पाणी नळापेक्षा ५ मीटर उंच हवं. गच्चीवरची टाकी तुमच्या नळाच्या जेमतेम ३ मीटर वर असेल, तर दाब ०.३ बारच मिळतो. इथं यंत्राचा दोष नाही. उपाय म्हणजे छोटा प्रेशर पंप. त्याला बसवण्यासह चार ते आठ हजार रुपये धरा.

*भांडी खरकटी राहतात.* फिरणारे स्प्रे आर्म काढून त्यांची भोकं टाचणीनं मोकळी करा. मग भांडी भरून ते हातानं फिरवून पाहा. एखादा झारा किंवा उभं राहिलेलं ताट आड आलं की ते फिरत नाहीत. पातेली आणि कढया पालथ्या ठेवा, वाट्या एकात एक घालू नका.

*दारातून फेस किंवा पाणी गळतं.* कुणी हातानं भांडी घासायचं लिक्विड घातलं का, ते आधी विचारा. त्याचा फेस यंत्राला आवरत नाही. तसं नसेल तर दाराचं रबर ओल्या कापडानं पुसा आणि यंत्र चारी पायांवर समतल आहे का बघा. बॉशवर ‘ई १५’ दिसलं, तर तळाच्या ट्रेमध्ये पाणी गेलेलं असतं. नळ बंद करा, प्लग काढा आणि मग मात्र टेक्निशियनला बोलवा.

खर्च शंभर ते पाचशे: मीठ आणि क्षार

ग्लासांवर पांढरट थर बसतो, ही आपल्याकडची फार मोठी तक्रार. व्हिनेगरमध्ये बुडवलेल्या कापडानं एक ग्लास पुसा. थर गेला तर तो क्षाराचा आहे. गेला नाही तर काच झिजली आहे. हलक्या पाण्यात डिटर्जंट आणि तापमान जास्त झाल्यानं असं होतं आणि ती काच पूर्ववत होत नाही.

क्षारावरचा इलाज यंत्रातच बसवलेला असतो. सॉफ्टनरमधले राळेचे बारीक मणी पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम धरून ठेवतात. मिठाच्या पाण्यानं ते मणी पुन्हा ताजे होतात. मीठ संपलं की सॉफ्टनर थांबतो आणि क्षार भांड्यांवर, हीटरवर, पाइपांत बसू लागतो. म्हणून किलोला साधारण शंभर-दीडशे रुपयांचं जाडं डिशवॉशर सॉल्ट भरत राहणं ही फार स्वस्त देखभाल आहे. स्वयंपाकाचं बारीक मीठ घालू नका. त्यातल्या मोकळं ठेवणाऱ्या द्रव्यांमुळं आणि बारीक कणांमुळं सॉफ्टनर चोंदतो. मीठ भरल्यावर लगेच एक फेरी लावा, नाहीतर सांडलेल्या मिठानं स्टीलला गंज धरतो. डिटर्जंट चुकूनही मिठाच्या कप्प्यात जाऊ देऊ नका, सॉफ्टनर कायमचा खराब होतो.

मीठ भरलेलं असूनही थर येत असेल, तर पाण्याच्या कठीणपणाचं सेटिंग चुकलेलं असतं. वॉटर प्युरिफायरवाल्यांचा टीडीएस मीटर इथं पुरत नाही, कारण तो सगळे विरघळलेले क्षार एकत्र मोजतो. कठीणपणा मोजणाऱ्या पट्ट्या दोनशे ते पाचशे रुपयांना मिळतात. आलेल्या मिलिग्रॅम प्रतिलिटर आकड्याला १७.८ नं भागलं की पुस्तिकेतलं ‘डीएच’ माप मिळतं. ४५० आलं तर साधारण २५ डीएच. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात कठीणपणा २०० पर्यंत असावा आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालतो. म्हणजे पिण्याला चालणारं पाणीसुद्धा यंत्राला जड असू शकतं. नळाचं पाणी आणि उन्हाळ्यात टँकर, अशी पाळी असलेल्या सोसायट्यांनी पाणी बदललं की सेटिंग बदलावं.

भांडी ओली राहत असतील तर रिन्स एड भरा. बाटली साधारण तीनशे रुपयांची असते. प्लास्टिकचे डबे मात्र तरीही ओलसर राहतात, कारण त्यांत उष्णता टिकत नाही. आत क्षार दिसत असेल तर रिकाम्या यंत्रात डीस्केलरची एक गरम फेरी लावा. त्याला दीडशे ते तीनशे रुपये पडतात.

ॲल्युमिनियमचा कुकर काळा पडला, म्हणजे यंत्र बिघडलं असं समजू नका. डिटर्जंटमधल्या अल्कलीनं ॲल्युमिनियम काळं पडतंच. तो कुकर, बिडाचा तवा, पितळ, तांबं आणि लाकडी पोळपाट-लाटणं हातानंच घासा.

खर्च हजारांत: सुटे भाग

मजुरी सोडून भागांचा अंदाज असा:

- इनलेट व्हॉल्व्ह: १,००० ते २,५००
- दाराचं रबर: १,००० ते २,५००
- ड्रेन पंप: २,००० ते ४,०००
- हीटरसह मुख्य पंप: ८,००० ते १५,०००
- पीसीबी, म्हणजे इलेक्ट्रॉनिक कार्ड: ६,००० ते १५,०००

शेवटचे दोन खर्च टाळणं बऱ्याच अंशी आपल्या हातात आहे. मीठ वेळेवर भरलं तर हीटरवर क्षार चढत नाही. नीट अर्थिंग असलेल्या, भिंतीतल्या १६ अँपियरच्या सॉकेटला यंत्र जोडलं आणि एक्स्टेन्शन बोर्ड टाळला, तर कार्डाचा धोका कमी होतो.

टेक्निशियनला बोलावताना

कंपनीचा क्रमांक बिलावरून, वॉरंटी कार्डावरून किंवा कंपनीच्या अधिकृत ॲपवरून घ्या. इंटरनेटवर शोधून मिळालेले ‘कस्टमर केअर’ क्रमांक बनावट असू शकतात. आगाऊ पैसे किंवा ओटीपी मागितला तर फोन ठेवा. यंत्रावरचा संकेत आणि साचलेल्या पाण्याचा फोटो काढून ठेवा. भाग बदलण्यापूर्वी लेखी अंदाज मागा. बदललेला जुना भाग परत घ्या. नव्या भागाची वॉरंटी बिलावर लिहून घ्या.

वार्षिक देखभाल करार देऊ केला तर एकच प्रश्न विचारा: पंप आणि कार्ड यात आहेत का? नसतील, तर फिल्टर-सफाईसाठी हजारो रुपये भरण्यात अर्थ नाही.

दुरुस्ती की नवा?

यंत्र सात-आठ वर्षांचं झालंय आणि दुरुस्ती नव्याच्या निम्म्या किमतीपर्यंत जातेय, तर नवा घेणं बरं. २२ सप्टेंबर २०२५ पासून डिशवॉशरवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आहे, तेव्हा तुलना जुन्या किमतींशी करू नका. चार-पाच वर्षांच्या यंत्राचा नुसता ड्रेन पंप गेला असेल, तर तो निःशंक दुरुस्त करा.

दाद कुठं मागायची?

वॉरंटीत असूनही पैसे मागितले, भाग नाही म्हणून महिनोन्‌महिने ताटकळत ठेवलं, तर आधी कंपनीला लेखी तक्रार करा आणि तिचा क्रमांक जपून ठेवा. दाद मिळाली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर नोंद करा. तिथंही काम झालं नाही, तर ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे जिल्हा आयोगाकडे ‘ई-जागृती’ या सरकारी पोर्टलवरून घरबसल्या तक्रार दाखल करता येते. मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही आणि वकील नेमण्याची सक्ती नाही. मुदत तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांची आहे. बिल, फोटो आणि तक्रार क्रमांक तोवर एका पाकिटात एकत्र ठेवा. आयोगापुढं तुमची बाजू त्यांच्याच आधारानं उभी राहणार आहे.