वर्गनायकाची निवड : स्वभाव आणि वृत्ती

शालेय वर्षाच्या आरंभी प्रत्येक वर्गात नायक नेमला जातो. ज्याचा आवाज खणखणीत, ज्याचे मराठी स्वच्छ आणि जो विचारण्यापूर्वीच हात वर करतो, त्या मुलाकडे शिक्षकाची दृष्टी सहज वळते. ही निवड क्षणभरात होते. तिचे बरेवाईट परिणाम मात्र साऱ्या वर्गाला वर्षभर भोगावे लागतात. म्हणून तिचा थोडा विचार करणे अगत्याचे आहे.

स्वभाव आणि वृत्ती या दोन भिन्न गोष्टी होत. मूल बोलके आहे की अबोल, धीट आहे की बुजरे, हा स्वभावाचा भाग. सोबत्यांविषयी, अंगावर घेतलेल्या कामाविषयी आणि स्वतःच्या चुकीविषयी त्याच्या मनाची ठेवण कशी आहे, ही त्याची वृत्ती. अमेरिकन अभ्यासक राल्फ स्टॉगडिल यांनी १९४८ साली नेतृत्वविषयक १२४ अभ्यासांचा आढावा घेतला. केवळ काही गुण अंगी असल्याने कोणी नेता ठरत नाही, त्या गुणांचा प्रसंगाशी व सोबत्यांच्या गरजांशी मेळ बसावा लागतो, असे त्यांना आढळले. टिमोथी जज व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ साली केलेल्या आढाव्यात बोलक्या, मनमोकळ्या स्वभावाचा संबंध नेता म्हणून नजरेत भरण्याशी अधिक, तर नेतृत्व परिणामकारक ठरण्याशी त्याहून कमी दिसून आला. शिक्षकाच्या नजरेत प्रथम भरणारे मूल सोबत्यांच्या सर्वांत उपयोगी पडेलच असे नाही, हे यावरून ध्यानी यावे.

या गोष्टीचे उदाहरण नंदुरबारच्याच इतिहासात आहे. १९४२ च्या ऑगस्ट महिन्यात मुंबईस ‘छोडो भारत’ ठराव झाल्यावर देशभर चळवळ पेटली. ९ सप्टेंबर १९४२ रोजी नंदुरबार येथे विद्यार्थ्यांची मिरवणूक निघाली. तिरंगा हाती घेतलेल्या शिरीषकुमार मेहता यांचे वय अवघे पंधरा वर्षांचे होते. गुजराती या आपल्या मातृभाषेत ते घोषणा देत होते. पोलिसांची बंदूक मिरवणुकीतील मुलींकडे रोखली गेली, तेव्हा ते स्वतः पुढे झाले, अशी आठवण सांगितली जाते. गोळीबारात ते व लालदास शहा, धनसुखलाल वाणी, शशिधर केतकर आणि घनश्यामदास शहा हे चार सोबती हुतात्मा झाले. घोषणा देण्यास धीट स्वभाव पुरेसा होता. सोबत्यांवरचे संकट स्वतःवर घेण्यास मात्र वृत्तीच लागते. तसे प्रसंग मुलांवर कधी न येवोत. परंतु ही वृत्ती रोजच्या लहान कामांतूनही घडते.

आपल्या जिल्ह्यात निवडीची आणखी एक अडचण आहे. धडगाव व अक्कलकुवा भागातील अनेक मुले घरी पावरी किंवा भिली बोलतात, नवापूरकडे मावची व कोकणी चालते, तर इतरत्र अहिराणी आणि गुजरी. पहिली-दुसरीच्या वर्गात गप्प बसलेले मूल अबोल स्वभावाचे असतेच असे नाही; पुष्कळदा त्याला केवळ पुस्तकी मराठी परकी असते. तेच मूल पावसाळ्यात धाकट्या भावंडांना हात धरून ओढा ओलांडून आणते, गुरे वळते, खेळात तंटा मिटवते. वर्गातील मौनावरून त्याला नेतृत्वास अपात्र ठरविले, तर ‘पुढारीपण आपल्यासाठी नाही’ असा धडा ते मूल न शिकवता शिकते. हे नुकसान गुणपत्रकात दिसत नाही.

शिक्षकाचे स्वतःचे वर्तनही येथे महत्त्वाचे आहे. कुर्ट लेविन, लिपिट व व्हाइट यांनी १९३९ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत दहा वर्षांच्या मुलांचे छोटे गट वेगवेगळ्या पद्धतींच्या प्रौढ नायकांकडे सोपविले होते. हुकूमशाही नायक खोलीबाहेर जाताच मुलांचे काम मंदावे. विचारविनिमयाने चालणाऱ्या गटाचे काम नायकाच्या मागेही चालू राही. वर्गनायक शिक्षकाचेच अनुकरण करतो. त्याच्या हाती छडी दिली किंवा गडबड करणाऱ्यांची नावे फळ्यावर लिहिण्याचेच काम दिले, तर तो नायक न होता पहारेकरी होतो.

यासाठी पुढील गोष्टी करून पाहाव्यात :

१. नायकपद वर्षभर एकाकडे न ठेवता दर पंधरवड्याने मुलामुलींत फिरते ठेवावे.

२. परिपाठ, पोषण आहाराची पंगत, झाडांना पाणी, लहानांची सोबत अशी निरनिराळी कामे वाटून द्यावीत. बुजऱ्या मुलास प्रथम दोघातिघांचा गट द्यावा.

३. सूचना मुलाच्या घरच्या बोलीत देण्याची मोकळीक असावी.

४. पंधरवड्याच्या शेवटी तीन गोष्टींची नोंद करावी : मागे पडलेल्यास त्याने सोबत घेतले काय? चूक झाली तेव्हा ती कबूल केली काय? शिक्षक नसताना काम चालू राहिले काय?

विचारार्थ प्रश्न : आपल्या वर्गात गेल्या वर्षी किती मुलांना एकदाही कोणतीही जबाबदारी मिळाली नाही? ती मुले घरी कोणती भाषा बोलतात?